खटला कुठे चालतो, यालाही किंमत असते

कोर्टाची तारीख लागली की बचत गटात एक बोलणं हमखास निघतं: "समोरच्याची तिथे ओळख आहे, आपलं कोण ऐकणार?" ही भीती फार जुनी आहे. तिच्यावरचा उपायही जुनाच आहे, म्हणून आज आम्ही त्याचा इतिहास सांगतो.

इंग्रजी अमलात तालुक्याचा मामलेदार शेतसारा वसूल करी आणि मॅजिस्ट्रेट म्हणून फौजदारी खटलेही चालवी. ज्याला सारा द्यायचा, त्याच्याच पुढे न्याय मागायचा! तेव्हाही, १८९८च्या फौजदारी कायद्यात, निष्पक्ष सुनावणी होणार नसेल तर खटला दुसऱ्या कोर्टात पाठवायचा अधिकार हायकोर्टाला होता. पुढे १९५१ साली मुंबई राज्याने कायदा करून कारभार आणि न्यायदान वेगळं केलं.

पण मागितलं की खटला हलतो, असं नाही. राणी जेठमलानी यांनी मनेका गांधींवर मुंबईच्या मॅजिस्ट्रेटपुढे अब्रुनुकसानीचा खटला भरला होता. तो दिल्लीला न्यावा, म्हणून मनेका गांधी सुप्रीम कोर्टात गेल्या. साक्षीदार दिल्लीचे, मुंबईत वकील मिळणं अवघड, कोर्टात गोंधळ, अशी त्यांची कारणं. १९७८ साली कोर्टाने नकार दिला. नुसती गैरसोय पुरेशी नाही आणि गोंधळ आवरणं मॅजिस्ट्रेटचं काम आहे, असं कोर्टाने सांगितलं.

बिल्किस बानोंची गोष्ट वेगळी. २००२च्या गुजरात दंगलीत त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला, घरची माणसं मारली गेली. वर जिवाच्या धमक्या. २००४ साली सुप्रीम कोर्टाने त्यांचा खटला गुजरातमधून मुंबईला आणला. २००८ मध्ये मुंबईच्या विशेष कोर्टाने ११ जणांना जन्मठेप दिली. २०२२ साली गुजरात सरकारने त्या ११ जणांना सोडलं. पण ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, शिक्षा महाराष्ट्रात झाली, तेव्हा माफीचा निर्णय गुजरातचा नव्हे. सगळ्यांना परत तुरुंगात जावं लागलं. खटल्याची जागा बदलली, ती वीस वर्षांनीही कामी आली.

आपल्याकडे हे कसं होतं? कल्याणचा खटला ठाणे जिल्ह्यातल्याच दुसऱ्या कोर्टात हवा असेल, तर आधी ठाण्याच्या सत्र न्यायाधीशांकडे अर्ज. तिथे नाकारला, तर हायकोर्ट. दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचा तर हायकोर्ट, दुसऱ्या राज्यात न्यायचा तर सुप्रीम कोर्ट. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, तरी ही वाट तीच आहे.

मात्र "भीती वाटते" एवढ्यावर भागत नाही. कोणी, कधी, काय धमकावलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. पोलिसांत तक्रार दिली तर पोच जपा. वकिलाच्या पैशांची काळजी करू नका. बाईला उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो. गटातल्या कुणाची तारीख असेल, तर ही गोष्ट तिच्या कानावर नक्की घाला.