पाण्याखाली गेलेले गाव

भाषेचे घर कोणते, असे कोणी विचारले तर आपण ग्रंथालयाकडे बोट दाखवतो. उत्तर वेल्समधील कॅपेल केलिन या खेड्याचा इतिहास वाचताना आम्हांस निराळे उत्तर सापडले.

बाला या गावाजवळ, ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यात हे खेडे वसले होते. शेतकऱ्यांची मोजकी घरे, शाळा, टपाल कचेरी, प्रार्थनामंदिर आणि दफनभूमी एवढाच त्याचा पसारा. परंतु तेथील सारा व्यवहार वेल्श भाषेतून चाले. या भाषेला धर्मजीवनाने बळ दिले होते. 1588 साली विल्यम मॉर्गन यांचे संपूर्ण वेल्श बायबल प्रसिद्ध झाले. पुढे बाला येथील धर्मोपदेशक थॉमस चार्ल्स यांनी रविवारच्या शाळांचा प्रसार केला. तेथे मुलांप्रमाणे प्रौढही मायबोलीतील शास्त्र वाचावयास शिकत. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी असताना सामान्य शेतकरी स्वभाषेत साक्षर झाला, तो असा.

विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील लिव्हरपूल महापालिकेने धरणासाठी हे खोरे निवडले. तिने थेट ब्रिटिश संसदेत खासगी विधेयक आणले. त्यामुळे वेल्समधील स्थानिक संस्थांच्या संमतीची गरजच उरली नाही. नोव्हेंबर 1956 मध्ये गावकऱ्यांनी मुलाबाळांसह लिव्हरपूलमध्ये निषेधाचा मोर्चा नेला. तरीही 1957 साली विधेयक संमत झाले. वेल्सच्या 36 खासदारांपैकी एकानेही त्याच्या बाजूने मत दिले नव्हते. 1963 साली शाळा बंद झाली. 1965 साली धरणाचे उद्घाटन झाले, तेव्हा गाव पाण्याखाली गेले होते. 67 रहिवाशांपैकी 48 जणांची घरे गेली.

48 हा आकडा लहान आहे आणि शहराला पाणी लागते, हे आम्ही जाणतो. परंतु घराची भरपाई देता येते, शेजाराची देता येत नाही. ज्या शेजारात मूल बोलू लागते, वाचू लागते आणि प्रार्थना शिकते, तेच भाषेचे घर होय.

या घटनेने वेल्श जनतेची अस्मिता जागी झाली. 1966 साली ग्विन्फर एव्हन्स हे वेल्श राष्ट्रीय पक्षाचे पहिले खासदार झाले आणि 1967 साली वेल्श भाषेसंबंधीचा कायदा आला. लिव्हरपूलच्या नगरपरिषदेने 2005 साली क्षमा मागितली. ही क्षमायाचना आम्ही मोलाची मानतो. मात्र गावकऱ्यांचे म्हणणे वेळीच ऐकले असते, तर तिची गरज पडली नसती.