रसायनांचें बारसें

ज्या घरांत पूर्वीं दिवेलागणीनंतर परवचा ऐकूं येई, त्याच घरांत आतां ‘सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड, नायट्रेट, नायट्राइट, नायट्राइड’ असा घोष चाललेला असतो. घोकणारें मूल जांभया देत असतें. आणि ह्या अक्षरांचा भार त्याच्या कोवळ्या डोक्यावर कोणीं व कां घातला, असा प्रश्न शेजारीं बसलेल्या वडील मंडळींस पडतो. प्रश्न रास्त आहे. व्याकरणाच्या नियमांस निदान बोलणाऱ्यांच्या शेंकडों पिढ्यांचा आधार असतो. हे प्रत्यय मात्र चार फ्रेंच गृहस्थांनीं एकत्र बसून ठरविले. ते कां ठरविले, आणि ठरवितांना हे शहाणे लोक कोठें फसले, ही हकीकत आम्हांस त्या नियमांहूनहि मनोरंजक वाटते.

त्यापूर्वींचीं नांवें कशीं होतीं हें समजण्यास आपला बाजारच पुरे आहे. मोरचूद, हिराकस, नवसागर, टाकणखार, रसकापूर हीं नांवें कानाला गोड खरीं, पण त्यांवरून वस्तूच्या पोटांत काय आहे तें कळत नाहीं. रसकापुरांत कापूर औषधालाहि सांपडावयाचा नाहीं. तो पाऱ्याचा क्षार. युरोपांतील स्थिति ह्याहून निराळी नव्हती. तेथील औषधविक्यांच्या फडताळांत ‘अँटिमनीचें लोणी’, ‘जस्ताचीं फुलें’, ‘गंधकाचें यकृत’ आणि ‘व्हिट्रिऑलचें तेल’ अशा बरण्या मांडलेल्या असत. तें लोणी कातडी जाळी, आणि तें तेल म्हणजे आपलें गंधकाम्ल! एका मिठाला झऱ्याच्या गांवावरून एप्समचें म्हणत, तर दुसऱ्याला शोधकावरून ग्लाउबरचें. सर्वांत घातक नांव ‘शिशाची साखर’ हें होय. ती खरोखरच गोड लागते. आंबटलेली दारू गोड करण्यासाठीं शिशाचे क्षार व भस्में युरोपांत शतकानुशतकें वापरण्यांत आलीं, आणि पिणारे पोटशुळानें तडफडले. नांवानें इशारा तर दिला नाहींच, उलट आमंत्रण दिलें.

हें रान साफ करण्याचें ज्यानें मनावर घेतलें तो गीतों द मोर्व्हो हा दिजों शहरच्या न्यायसभेंतील सरकारी वकील होता. पदार्थाचें नांव त्याच्या घटकांवरून पडावें, गांवावरून किंवा शोधकावरून नव्हे, अशी सूचना त्यानें इ. स. १७८२ मध्यें एका निबंधांत केली. पुढें तो पॅरिसला आला आणि लाव्हाझिए, बर्तोले व फुरक्र्वा ह्यांस मिळाला. १८ एप्रिल १७८७ रोजीं लाव्हाझिएनें विज्ञानसभेपुढें ह्या सुधारणेचें समर्थन वाचलें, आणि त्याच वर्षीं चौघांचें पुस्तक बाहेर पडलें.

त्यांतील युक्ति अशी. गंधकाच्या दोन आम्लांपैकीं ज्यांत ऑक्सिजन अधिक त्यास ‘इक’ हा प्रत्यय, ज्यांत कमी त्यास ‘अस’. पहिल्याचा क्षार ‘एट’, दुसऱ्याचा ‘आइट’. आणि ऑक्सिजन मुळींच नसून नुसतें गंधक धातूशीं जोडलेलें असेल, तर त्यास तिसरा प्रत्यय, जो इंग्रजींत पुढें ‘आइड’ म्हणून रूढ झाला. घराण्याचें नांव गंधकाचेंच राहिलें आणि प्रत्ययावरून भावंडें ओळखूं येऊं लागलीं. हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे. पोटाचें क्ष-किरण चित्र घेण्यापूर्वीं रोग्यास बेरियम सल्फेट पाजतात. तें विरघळत नाहीं, म्हणून जसेंच्या तसें बाहेर पडतें. त्याच्या जागीं बेरियम सल्फाइड गेलें तर जठरांतील आम्लानें तें विरघळतें आणि रोगी दगावण्याचें भय असतें. घोकणाऱ्या मुलास हें कोणी सांगत नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

परंतु ह्या सभ्य दिसणाऱ्या सुधारणेंत एक डावहि होता. त्या काळीं बहुतेक रसायनज्ञ ‘फ्लॉजिस्टन’ नांवाचें एक ज्वलनतत्त्व मानीत. पदार्थ जळतो तेव्हां तें बाहेर पडतें, असा त्यांचा सिद्धांत. प्रीस्टलेनें १७७४ मध्यें जो वायु मिळविला त्यास त्यानें ‘फ्लॉजिस्टन काढलेली हवा’ म्हटलें. लाव्हाझिएच्या मतें जळणें म्हणजे त्याच वायूशीं संयोग होणें. त्यानें वायूस ‘ऑक्सिजन’, म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा, असें नांव दिलें आणि सर्व कोश त्यावर उभारला. जो हीं नांवें उच्चारी, तो न कळत त्याचें मतहि पत्करी. प्रीस्टलेनें तीं पत्करलीं नाहींत. तो १८०४ मध्यें अमेरिकेंत जुन्या मतानिशींच वारला. लाव्हाझिए त्याच्याहि आधीं गेला. तो करवसुलीच्या मक्तेदारांपैकीं एक होता, आणि राज्यक्रांतींत ८ मे १७९४ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.

आणि तरीहि नांव चुकलें! समुद्रमिठापासून होणाऱ्या आम्लांत ऑक्सिजनचा लेशहि नाहीं. हम्फ्री डेव्हीनें १८१० मध्यें ही गोष्ट पुढें मांडली आणि त्या आम्लांतील हिरवट वायूस केवळ रंगावरून ‘क्लोरीन’ म्हटलें. सिद्धांताच्या वाटेस तो गेला नाहीं. आम्लपणाचें मूळ ऑक्सिजनमध्यें नाहीं हें आज सर्वमान्य आहे, पण नांव कायम आहे. बंगालींत त्याचें ‘अम्लजान’ असें भाषांतर झालें, म्हणजे चुकीचेंहि भाषांतर झालें. मराठीनें ‘प्राणवायु’ म्हटलें. हा शहाणपणा कीं सुदैव, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाहीं.

डेव्हीचा साहाय्यक मायकेल फॅरडे हा पूर्वीं पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी केलेला मनुष्य. त्यास ग्रीक येत नव्हतें. क्षारांच्या द्रावणांतून वीज सोडली असतां कांहीं अंश एका टोकाकडे, कांहीं दुसऱ्याकडे जातात, हें तो पाहत होता. टोकांस ‘ध्रुव’ म्हणणें त्यास पसंत नव्हतें, कारण त्यांत आकर्षणाची कल्पना गृहीत धरली जाते. १८३४ मध्यें त्यानें केंब्रिजच्या व्हेवेल ह्या पंडितास विचारलें. व्हेवेलनें ‘अॅनोड’ म्हणजे वर चढण्याचा मार्ग व ‘कॅथोड’ म्हणजे खालीं उतरण्याचा मार्ग, असे शब्द दिले. प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे, सूर्याच्या चालीनें, वाहतो असें कल्पिलें कीं एक टोक उदयाचें, दुसरें अस्ताचें. प्रवाहाच्या स्वरूपाविषयीं मत उद्यां बदललें तरी शब्द खोटा पडूं नये, हा हेतु. जाणाऱ्या अंशांस ‘आयन’ हें नांव मिळालें. ग्रीकमध्यें त्याचा अर्थ केवळ ‘जाणारें’. उत्तरायण-दक्षिणायनांतील ‘अयन’ ज्या ‘इ’ धातूपासून झालें, त्याचें आणि ह्या ग्रीक धातूचें मूळ एकच.

ही सावधगिरी लवकरच कामास आली. वीज आयन निर्माण करते, अशी फॅरडेची समजूत होती. उप्साला येथील आर्हेनियसनें १८८४ च्या प्रबंधांत, विजेची वाट न पाहतां द्रावणांत क्षार आधींच फुटलेला असतो, ह्या विचाराचा पाया घातला. परीक्षकांनीं त्यास हलकी श्रेणी दिली; १९०३ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. समजूत बदलली, शब्दाचें एक अक्षरहि बदलावें लागलें नाहीं.

पुढची कथा दप्तरी आहे. बर्झेलियसनें १८११ मध्यें ‘अस’ व ‘इक’ हे प्रत्यय धातूंसहि लाविले. फेरस व फेरिक हे त्याचे वंशज. १९१९ मध्यें आल्फ्रेड स्टॉक ह्यानें त्यांऐवजीं कंसांत अंक घालण्याची सूचना केली. हा स्टॉक पुढें पाऱ्याच्या वाफेनें स्वतःच विषबाधित झाला, आणि १९२६ मध्यें त्यानें तो धोका जगापुढें मांडला. १९१९ मध्येंच स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय रसायनसंघ आज नियम ठरवितो: धन आयन आधीं, ऋण आयन मागाहून. त्याच्या ग्रंथांत पाणी व अमोनिया ह्यांचीं जुनीं नांवें मात्र सन्मानानें राखलेलीं आहेत.

पंडुरोग झालेल्या स्त्रीस डॉक्टर लोहाची गोळी देतात. तिच्या वेष्टनावर पुष्कळदां ‘फेरस सल्फेट’ असें छापलेलें असतें. ‘फेरस’ म्हणजे दोन भार गमावलेलें लोह, ‘एट’ म्हणजे ऑक्सिजनयुक्त गंधक. आजीला विचाराल तर ती त्याला हिराकस म्हणेल.