मुंबई बंदरातून गेलेले एक पत्र

हिवाळ्याच्या सकाळी चिंचपोकळीच्या पुलावर उभे राहिले, की परळकडच्या उंच इमारती धुरकट दिसतात. 'उजेड कमी आहे,' असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः उजेड पुरेसा असतो. पण इमारतीकडून येणाऱ्या प्रकाशात हवेतल्या कणांनी विखुरलेला परका प्रकाश मिसळतो आणि दृश्य झाकोळते. हा परका प्रकाश वेगळा काढण्याच्या प्रयत्नांतला एक जुना दाखला आपल्याच बंदराशी निगडित आहे. मुंबईचा इतिहास सांगताना मात्र आपण तो सहसा सांगत नाही.

1921 साली कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापक चंद्रशेखर वेंकट रामन ऑक्सफर्डची विद्यापीठ परिषद आटोपून 'नारकुंडा' या बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांना अस्वस्थ केले. ही निळाई म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते, आणि त्या नावाचा दबदबा मोठा होता. रामन यांच्याजवळ निकोलचा लोलक होता. प्रकाशाची कंपने सर्व दिशांना न होता एकाच प्रतलात होऊ लागली, की त्याला ध्रुवित प्रकाश म्हणतात. पाण्यावर लंबाशी सुमारे 53 अंशांनी पडून परावर्तित होणारा प्रकाश असाच ध्रुवित असतो, आणि योग्य दिशेने धरलेला लोलक तो अडवतो. रामन यांनी आकाशाचे प्रतिबिंब अशा रीतीने दूर सारले. निळाई नाहीशी झाली नाही. उलट अधिकच खुलली. ती पाण्याच्या आतूनच येत होती. हे निरीक्षण मांडणाऱ्या त्यांच्या पत्रावर पत्ता आहे नारकुंडा बोट, मुंबई बंदर, आणि तारीख आहे 26 सप्टेंबर 1921. 'नेचर'ने ते नोव्हेंबरात छापले. पाण्याचे रेणू प्रकाश विखुरतात, या विचाराचा माग घेत रामन 1928 च्या शोधापर्यंत पोहोचले. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते, हेही त्या निळाईचे मोठे कारण आहे, हे आज आपण जाणतो. पण त्यामुळे त्या लोलकाची साक्ष खोटी ठरत नाही.

मात्र रामन यांनी दूर केले ते पृष्ठभागावरचे प्रतिबिंब. गढूळ पाण्यात किंवा धुक्यात पडदा पृष्ठभागावर नसतो, तो माध्यमातच पसरलेला असतो. 2001 मध्ये शेख्नर, नरसिंहन आणि नायर यांनी धूसर हवेसाठी एक युक्ती मांडली. धुरक्याचा प्रकाश अंशतः ध्रुवित असतो, वस्तूकडून येणारा बहुधा नसतो. म्हणून ध्रुवक फिरवून दोन छायाचित्रे घ्यायची, त्यांतल्या फरकावरून धुरक्याचा वाटा काढायचा आणि तो वजा करायचा. पुढे शेख्नर आणि कार्पेल यांनी हाच विचार पाण्याखालच्या चित्रणासाठी वापरला. या युक्तीलाही मर्यादा आहे. दाट धुक्यात प्रकाश वारंवार विखुरतो, ध्रुवण पुसले जाते आणि वजा करण्याजोगी खूणच उरत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या कथेतले एक वळण ओळखीचे वाटावे. एखाद्या कृतीवर थोर समीक्षकाच्या मताची झळाळी इतकी पडलेली असते, की आपण कृतीऐवजी ती झळाळीच वाचत राहतो. रामन यांनी रॅले यांच्याशी नुसता वाद घातला नाही. डोळ्यांपुढे लोलक धरला, प्रतिबिंब बाजूला केले आणि मग पाण्याकडे पाहिले.