मोरस बेटातील पणजोबा

आपल्या छत्रपती संभाजीनगराची मूळ वसाहत जी खडकी, ती १६१० साली निजामशाहीचा कर्ता कारभारी मलिक अंबर याने वसविली. हा पुरुष हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मला. गुलाम म्हणून विकला गेला आणि समुद्र ओलांडून दख्खनेत आला. १६२६ साली तो निवर्तला. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याने आणलेल्या नहरीचे पाणी या नगराने पिढ्यान्‌पिढ्या प्याले. परंतु त्याचे जन्मस्थान इतिहासाने कधी लपविले नाही. नगराच्या इतिहासास जे साधले, ते आपल्या घराण्यांच्या इतिहासास का साधू नये, हा प्रश्न ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

आमचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. गावी आमच्या घरास ‘मोरसवाले’ म्हणत. पणजोबा मोरस साखरेचा व्यापार करीत, म्हणून हे नाव पडले, असे वडीलधारी माणसे सांगत. पूर्वी परदेशातून येणाऱ्या साखरेस मोरस साखर म्हणत, हे जुन्या पिढीस ठाऊक आहेच. तथापि घरात दुकानाचा एकही कागद नाही, वजनमाप नाही, देण्याघेण्याची वही नाही. मग ध्यानात आले की, मोरस हे मुळात साखरेचे नव्हे, बेटाचे नाव होय. मोरस म्हणजे मॉरिशस.

या बेटाची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. इंग्रजांनी आपल्या साम्राज्यात गुलामगिरी बंद केल्यावर तेथील उसाच्या मळ्यांस मजूर मिळेनात. तेव्हा हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरास लागले. पुढील पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून तिकडे गेली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मंडळींचा भरणा मोठा होता. ती ज्या घाटावर उतरली, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थान ठरला. गेलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोक स्वदेशी परतले. जे तेथे राहिले, त्यांचा इतिहास त्यांच्या वंशजांनी लिहिला. जे परतले, त्यांच्या तेथे जन्मलेल्या मुलांची नोंद मात्र आपण कोणीच ठेवली नाही.

शोध कसा करावा, हे आता सांगतो. मॉरिशसमध्ये मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे. तेथे या मजुरांची जुनी नोंदपुस्तके जतन केलेली आहेत. प्रत्येक मजुरास एक क्रमांक दिलेला असे. त्यापुढे त्याचे व बापाचे नाव, वय, उंची, अंगावरील खूण, जात, जिल्हा, गाव, जहाज, मळ्याचे नाव आणि तो परत गेला असल्यास ती तारीख, असा तपशील आढळतो. मात्र नावे परक्या कारकुनांनी कानाला लागली तशी लिहिली. म्हणून एकच नाव तीन तऱ्हांनी सापडते. जातीच्या रकान्यावरही फार विसंबू नये. शिवाय त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही होता; तो १९८१ साली वेगळा झाला.

आमच्या पणजोबांच्या वडिलांच्या नावाची तीन माणसे त्या पुस्तकांत निघाली. निर्णय लागला तो नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीवरून. तीत त्यांच्या पित्याचे व भावांचे नाव गावासह मिळाले, आणि तिघांपैकी एकाशी ते तंतोतंत जुळले. परतीची नोंदही तेथे होती: नवरा, बायको आणि एक लहान मुलगा. तो मुलगा म्हणजे आमचे पणजोबा.

येथवर आनंदच होता. परंतु त्याच नोंदीतून दुसरी गोष्ट उघड झाली. पणजोबांची आई मुंबईहून गेलेली नव्हती; ती मद्रासच्या बंदरातून गेलेली होती. म्हणजे ती आपल्या ज्ञातीची नव्हे, आपल्या भाषेचीही नव्हे. आरंभीच्या वर्षांत त्या बेटावर गेलेल्या स्त्रिया फारच थोड्या होत्या. तेथे जुळलेले संसार जातीपातीच्या चौकटीत कसे बसावेत? ती माउली परका मुलूख सोडून त्याहून परक्या कोकणात आली आणि मरेपर्यंत तेथेच नांदली. साखरेच्या व्यापाराची कथा कशासाठी रचली गेली, हे मला तेव्हा कळले. समुद्रगमनाचे प्रायश्चित्त घेता येत होते. तिच्या जन्माला प्रायश्चित्त नव्हते, म्हणून घराण्याने तिचे नावच पुसून टाकले.

आपल्या संस्थेकडे पाठविलेल्या वंशावळीत मीच पूर्वी पणजोबांचे जन्मस्थान कोकणातील गाव असे लिहिले होते आणि त्यांच्या आईची जागा मोकळी ठेवली होती. चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकविणाऱ्या माणसाने, पुराव्याची वाट न पाहता, ऐकीव गोष्ट कागदावर उतरविली, ही माझी चूक होय. दुरुस्तीचा कागद मी कार्यकारी मंडळाकडे दिला आहे. त्यात जन्मस्थान मॉरिशस लिहिले आहे व त्या मातेचे नाव तिच्या जागी भरले आहे. ते तसेच छापले जावे, एवढीच विनंती.

आपल्यापैकी कित्येक घरांत असे एखादे न उमगलेले टोपणनाव असेल, वंशावळीत एखादी मोकळी जागा असेल. रंगून, एडन, आफ्रिका अशी नावे आजीच्या बोलण्यात कधी आली असतील. ती माणसे आहेत तोवर त्यांस विचारून घ्यावे, लिहून ठेवावे, आणि मग कागदांशी ताडून पाहावे. निघेल ते मनासारखेच निघेल असे नाही. तरीही ते लिहावे. कारण ज्यांच्यामुळे आपण आहोत, त्यांस वगळून केलेली वंशावळ ही वंशावळच नव्हे. इति अलम्.