गोळी सोडण्याचा दुर्लक्षित इतिहास

नैराश्यावरच्या गोळीचा जन्म क्षयाच्या वॉर्डातला. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनायझिड हे क्षयाचं औषध घेणारे रोगी उल्हसित दिसू लागले. १९५७ मध्ये रोलँड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरचा गुण जगापुढे मांडला. पण इमिप्रामिन एकाएकी बंद केलं की त्रास होतो, हेही १९५९ मध्येच छापून आलं होतं. पहिली नोंद पाठ्यपुस्तकांत गेली, दुसरीकडे काणाडोळा झाला. गोळी सोडताना माणसं घाबरतात ती अडाणीपणाने नव्हे, या काणाडोळ्यामुळे, असं माझं मत आहे. चाचण्या बहुधा सहा-आठ आठवड्यांच्या, गोळ्या मात्र वर्षानुवर्षं चाललेल्या. सोडतानाचा त्रास सौम्य असतो आणि आठवडाभरात ओसरतो, असं ब्रिटनची अधिकृत मार्गदर्शिका सांगत राहिली. २०१९ मध्ये ती भूमिका बदलावी लागली. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकाने काही गोळ्यांनंतर लैंगिक तक्रारी औषध थांबवूनही टिकू शकतात, हे माहितीपत्रकात लिहायला लावलं. तोवर असं सांगणाऱ्या रोग्याला 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवणं सोपं होतं.

सोडतानाचा त्रास म्हणजे मूळ आजारच उलटणं, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे: २०२१ च्या ब्रिटिश चाचणीत वर्षभरात गोळी थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के, तर चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचं नैराश्य परतलं. पण गोळी सोडताना काहींना डोक्यात विजेसारखे झटके येतात, ते नैराश्याचं लक्षण नव्हे. २०२४ च्या ७९ अभ्यासांच्या आढाव्यात औषध थांबवल्यावर सुमारे ३१ टक्क्यांना त्रास झाला. नुसती साखरेची गोळी थांबवलेल्यांपैकीही १७ टक्क्यांना झाला. म्हणजे धास्तीचा वाटा मोठा, तरी सहा-सात जणांत एकाचा त्रास औषधाचाच. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. तिथे हे बोलून लोकांना आणखी का बिचकवायचं? कारण न सांगितल्याने गोळी सुटायची थांबत नाही, ती वेडीवाकडी सुटते. मावळातल्या आंबीसारख्या गावात कारखान्याच्या पाळीमुळे तळेगावच्या डॉक्टरांकडे जायला सवड झाली नाही आणि पाकीट संपलं, की औषध त्याच दिवशी बंद. ठरवून सोडतानाही हिशेब चुकतो. नैराश्यावरचं सिटालोप्राम २० मिलिग्रॅमवरून ९ वर आणलं, तर मेंदूतल्या सेरोटोनिन-वाहकांवरची पकड ८० टक्क्यांवरून ७० वर येते. शेवटचे ५ मिलिग्रॅम सोडले, की जवळपास ६० टक्के एकदम जाते. अर्धी गोळी करून मग बंद, हा रूढ हिशेब इथे फसतो. शेवटचे टप्पे सर्वांत लहान आणि सर्वांत सावकाश हवेत. त्यासाठी तालुक्याच्या औषध दुकानात कमी ताकदीच्या गोळ्या किंवा पातळ औषध मिळायला हवं, आणि पहिल्याच चिठ्ठीवर डॉक्टरांनी सोडण्याचा क्रमही लिहून द्यायला हवा.