राजाचा ताम्रपट आणि म्हातारीची गोष्ट

आपल्या माजलगाव तालुक्यातलं पुरुषोत्तमपुरी म्हटलं की अधिक महिन्यातली गर्दी आठवते. पण यादव राजा रामचंद्राचा इ.स. १३१०चा ताम्रपटही याच गावचा, हे फार कमी लोकांना माहीत असतं. राजाने प्रधान पुरुषोत्तमाला दिलेल्या गावांची नोंद त्यात आहे. भाषा प्रामुख्याने संस्कृत. गाव आपलं, पण त्या काळच्या गावकऱ्याला त्यातलं बरंचसं कळलं नसतं.

याच राजाच्या राज्यात दुसरीकडे वेगळंच घडत होतं. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसं शोधून गोळा केल्या आणि रिद्धपूरला मराठीत लीळाचरित्र लिहिलं. केसोबासांनी स्वामींनी सांगितलेल्या ११४ छोट्या गोष्टींचा 'दृष्टांतपाठ' केला. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातच आहे. केसोबास संस्कृतचे पंडित. पण संस्कृतात लिहू नका, नाहीतर आपल्या म्हाताऱ्या वंचित राहतील, असं नागदेवाचार्यांनी त्यांना बजावल्याची नोंद 'स्मृतिस्थळ' ग्रंथात आहे. मराठी गद्य उभं राहिलं ते या म्हाताऱ्यांसाठी!

त्याच तेराव्या शतकात जर्मनीत पंडितांची आणि चर्चची भाषा लॅटिन होती. तिथे श्ट्रिकर नावाचा कवी साध्या जर्मनमध्ये छोट्या पद्यकथा रचत होता. भांडकुदळ नवरा-बायको, लबाड पाद्री, असले विषय. आपल्या गोष्टी धर्म समजावणाऱ्या, त्यांच्या बऱ्याचशा हसवणाऱ्या. पण दोन्हीकडे गोष्ट पोथीतून निघून लोकांच्या बोलीत आली. जर्मनांनी त्या कथा अभ्यासाचा विषय केल्या. हान्स फिशर यांचा ग्रंथ १९६८चा, आणि २०२०मध्ये या कथांचे जाडजूड खंड नव्याने छापून आले.

आपल्याकडे काम झालंच नाही असं नाही. सांकेतिक लिपीतल्या महानुभाव पोथ्या वि. ल. भाव्यांनी लोकांपुढे आणल्या, वि. भि. कोलत्यांनी लीळाचरित्र संपादित केलं. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठही झालंय. २०२४मध्ये अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. पण लीळाचरित्र आपल्याला माहीत आहे ते स्पर्धा परीक्षेतल्या एका मार्काच्या प्रश्नापुरतं!

दर्जा कागदावर मिळतो, भाषा वाचल्याने टिकते. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत आठवड्याला एक दृष्टांत मोठ्याने वाचला तरी ११४ गोष्टी तीन-चार वर्षांत होतील. त्याला ना निधी लागतो, ना जीआर. गुरुजींनो, सुरुवात कोण करतंय?