आखाडा आणि विद्यापीठांचे मैदान

तायक्वांदो ही कोरियातील द्वंद्वकला. तीत मुख्य भर लाथांच्या माऱ्यावर. १९५५ साली तिला हे नाव मिळाले, १९७३ मध्ये सेऊल येथे तिचा जागतिक संघ स्थापन झाला, आणि १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे निरनिराळ्या देशांच्या विद्यापीठांचे विद्यार्थी तिच्या जागतिक स्पर्धेत उतरले. ही गती नवलाची वाटेल. परंतु जुन्या विद्येस शिस्तीत बसविण्याचा असाच उद्योग विसाव्या शतकाच्या प्रारंभी बडोद्यास चालला होता, हे श्रोत्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल?

पादरा, डभोई हे बडोदे संस्थानातील तालुके. राजधानीत जुम्मादादांचा आखाडा होता आणि तेथे त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव शिकवीत. जुने उस्ताद एकेका शागिर्दास विद्या देत, तीही पुष्कळदा हातचे राखून. माणिकरावांनी संघव्यायामाची पद्धत घातली आणि कवायतीस देशी भाषेतील आज्ञा दिल्या. एका आज्ञेसरशी शेकडो मुले हलू लागली. डभोईस १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे पुढील काळातील स्वामी कुवलयानंद, १९०७ ते १९१० या काळात येथेच शिकले. पुढे मजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश काढला, तोही बडोद्याहूनच.

मग ही विद्या जगापुढे का गेली नाही? गेली होती! १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखविले. लोकांनी वाहवा केली. पण प्रयोग पाहणारा टाळ्या वाजवून घरी जातो. सामन्यात हरलेला मात्र घरी जाऊन सराव करतो. तायक्वांदोही १९८८ व १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये केवळ प्रात्यक्षिकादाखल होते. परंतु वजनाचे गट, गुणांची रीत आणि पंच त्याने बरोबर नेले होते. म्हणून २००० साली सिडनीस त्याला पदके मिळाली आणि २००३ मध्ये देगूच्या विद्यापीठ क्रीडामहोत्सवात स्थान मिळाले.

लाठीचे तसे झाले नाही. तिचे हात शिकविले गेले, पण हार-जीत ठरविण्याची सर्वमान्य रीत देशोदेशी पोहोचली नाही. हुतूतूचे नशीब निराळे. त्याचे नियम बांधले गेले, १९२३ साली बडोद्यासच त्यांनुसार अखिल भारतीय सामने झाले, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत तोच खेळ कबड्डी या नावाने पदकासाठी खेळला गेला.